राहुटीचा भार

राहुटी हा शब्द आपल्याला परका नाही. पंढरीच्या वाटेवर पालखीच्या तळावर उभ्या राहतात त्या राहुट्या, जत्रेच्या माळावर फिरत्या दुकानदारांची पडतात ती पाले, आणि जुन्या बखरींतून भेटतात ते डेरे नि शामियाने. तंबू ताणून धरणाऱ्या दोरीला तणावा आणि तो जमिनीत जखडणाऱ्या खुंटीला मेख म्हणतात, हेही जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. परंतु राहुटीचे वजन किती असावे, या प्रश्नाची चर्चा माझ्या तरी वाचनात कोठे आली नाही. कारण उघड आहे. ज्यांच्यासाठी डेरे उभारले जात त्यांना ते स्वतःच्या पाठीवर वाहावे लागत नसत. औरंगजेबाच्या स्वारीबरोबर १६६४-६५ साली दिल्लीहून काश्मीरकडे गेलेला फ्रेंच वैद्य बर्निए लिहून ठेवतो की, बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एका संचात आजचा मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर रवाना झालेला असे, आणि तो वाहण्यास हत्ती, उंट, खेचरे व हमाल यांचा ताफा लागे. तिथे वजनाची काळजी हत्तीने करावी, मालकाने नव्हे.

ही काळजी गेल्या महिन्यात माझ्या दारी आली ती भाच्याच्या रूपाने. तो आणि त्याचा एक मित्र स्पीतीतून लडाखकडे उतरणाऱ्या परांग ला या खिंडीने पायी जाणार आहेत. खिंडीची उंची सुमारे साडेपाच हजार मीटर. वाटेत झाड नाही, गाव नाही. आणि घोडे न घेता सर्व सामान पाठीवरच न्यावयाचे असा दोघांचा हट्ट. त्याने दोन तंबूंची माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवली. एक जेमतेम एक किलोचा, चालण्याच्या काठ्यांवरच उभा राहणारा. दुसरा सव्वादोन किलोचा, स्वतःच्या चार कमानी असलेला. “मामा, हलका घेतो. सव्वा किलो वाचतो,” तो म्हणाला. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, शेजारीच बसली होती. ती मला एवढेच म्हणाली, “तू वकील आहेस ना? मग दोन्ही बाजू नीट ऐकून सांग.” बहिणीने अशील व्हावे हा प्रसंग वकिलाच्या आयुष्यात सर्वांत कठीण. फी तर नाहीच, आणि निकाल विरुद्ध गेला तर अपीलही नाही. त्या निमित्ताने मी या हलक्या राहुटीचा पूर्वेतिहास चाळला.

त्या इतिहासाचा आरंभ एका फजितीने होतो. एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा लाकडावर चित्रे कोरणारा तरुण कारागीर १८६१ साली आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखर चढावयास गेला, तेव्हा त्याने एक सुबक, हलका तंबू बरोबर नेला होता. शहरात पाहताना तो मोठा डौलदार दिसे. कोल दु लिऑन या खिंडीत उभारताच तो वाऱ्याबरोबर उडून जाण्याची इतकी घाई करू लागला की, व्हिंपरने तो उतरवून चक्क त्यावर बैठक मारली आणि रात्री तोच अंगाभोवती गुंडाळून घेतला. पुढच्या हिवाळ्यात त्याने नवा तंबू बेतला. साडेसहा फूट लांबीच्या, टोकाला लोखंड बसविलेल्या चार भक्कम काठ्या दोन्ही टोकांस कात्रीसारख्या जोडलेल्या. वर जाड सुती कापड. आणि तळाला रबरी लेप दिलेले कापड, जे बाजूंनी काही अंतर वर चढवून छपराला शिवून टाकलेले होते. तळ आणि छप्पर यांच्यामधील फट बुजविणे ही क्षुल्लक दिसणारी गोष्टच त्याची खरी देणगी. वारा तंबूला बाहेरून पाडतो त्यापेक्षा आत शिरून उचलतो अधिक, हे तो त्या एका रात्रीत शिकला होता. चार माणसे सामावणारा हा तंबू तेवीस पौंडांचा, म्हणजे साडेदहा किलोंच्या आसपास होता. हा तेवीस पौंडांचा भार उचलण्यास आल्प्समध्ये वाटाडे आणि हमाल मिळत, ही गोष्ट नजरेआड करू नये.

व्हिंपरचा तंबू शहाण्या माणसाचा. ममरीचा तंबू धाडसी माणसाचा. आल्बर्ट ममरी याने १८८८ साली कॉकेशस पर्वतात केवळ एका स्विस सोबत्यासह जाताना रेशमी कापडाचा एक तंबू नेला. त्याचे वजन चार पौंडांच्या आतबाहेर. काठ्याच नव्हत्या! बर्फ फोडण्याच्या कुऱ्हाडी उलट्या उभ्या करून त्यांवरच तो ताणावयाचा. जी वस्तू तशीही हातात असावयाचीच तिलाच खांब करावे, ही कल्पना इतकी समर्पक होती की ममरीच्या नावाचा तंबू पुढे कित्येक वर्षे गिर्यारोहकांच्या सामानात राहिला. तिच्यातील उणीव तिच्या गुणातच दडलेली आहे. पहाटे शिखराकडे निघताना कुऱ्हाड बरोबर न्यावीच लागते. मग मागे राहिलेला तंबू आणि त्यात राहिलेला आजारी सोबती यांनी कशाच्या आधारे उभे राहावे? ममरीचा अंत १८९५ साली नंगा पर्वतावर झाला. रघुबीर थापा आणि गोमान सिंग हे दोन गुरखे सोबती त्याच्याबरोबर होते. तिघेही परत दिसले नाहीत. त्याचा दोष तंबूकडे जात नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

आता एका रात्रीची हकीकत, जी मला या सर्व इतिहासात अधिक महत्त्वाची वाटते. १९२२ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या उत्तर बाजूस २५,५०० फुटांवर जॉर्ज फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा पलटणीतील तेजबीर बुरा अशा तिघांनी एका लहानशा तंबूत मुक्काम केला. रात्री वादळ उठले. तंबूखाली वारा शिरून तो उचलला जाऊ लागला तेव्हा तिघांनी आपल्या अंगाच्या भाराने तो दाबून धरला. आळीपाळीने एकाने बाहेर जाऊन तणावे घट्ट करावयाचे, आणि बधिर झालेले हात घेऊन परत आत यावयाचे, असा क्रम रात्रभर चालला. वाऱ्याने उडालेल्या एका दगडाने कापडाला भोकही पाडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या तळावरून शेर्पा हमाल गरम चहाच्या बाटल्या घेऊन वर आले. कोणी बोलावले नव्हते. त्यानंतरच्या सकाळी हे तिघे निघाले. तेजबीर वाटेतच थकून मागे फिरला, आणि फिंच व ब्रूस २७,३०० फुटांपर्यंत पोचले. तोपर्यंत एवढ्या उंचीवर कोणी गेल्याची नोंद नव्हती. आपल्याकडील वाचकांस सांगण्याजोगी गोष्ट अशी की, हेच रसायनशास्त्रज्ञ फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पाषाणच्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल की या गृहस्थांनी एके काळी तंबू स्वतःच्या अंगाखाली दाबून धरला होता!

या हकीकतीतून मला जे दिसले ते असे. तंबूतून कमी केलेले वजन नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणावर तरी पडते. कधी कुऱ्हाडीवर, कधी हमालाच्या खांद्यावर, कधी आत निजलेल्या माणसाच्या दंडांवर. १९५२ साली रेमंड लँबर्ट आणि तेनझिंग यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटरांवर एका चिमुकल्या तंबूत रात्र काढली. झोपण्याच्या पिशव्या नाहीत, चूल नाही. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी. हलकेपणाची किंमत ती. पुढच्याच वर्षी २८ मे रोजी हिलरी व तेनझिंग यांचा शेवटचा तंबू २७,९०० फुटांवर लागला तेव्हा मेखा ठोकण्यास जागाच नव्हती. काही तणावे प्राणवायूच्या नळकांड्यांना बांधून ती बर्फात पुरावी लागली. तंबू कसा आहे याबरोबरच तो कशाला बांधणार, हाही प्रश्न आहेच.

उलट बाजूचा पुरावाही तपासला पाहिजे. वजनदार तंबू उडत नाही असे मुळीच नाही. १९११ च्या जुलैत दक्षिण ध्रुवखंडात, टेरर पर्वताच्या पायथ्याशी, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड हे तिघे ऐन हिवाळ्याच्या काळोखात पेंग्विन पक्ष्यांची अंडी आणावयास गेले होते. त्यांचा भक्कम काठ्यांचा मनोऱ्यासारखा तंबू वादळाने उचलून नेला. मागाहून दगडी खोपटाचे कापडी छप्परही फाटले. तिघे पिशव्यांत पडून वरून बर्फ साचू देत राहिले. वादळ उतरल्यावर बॉवर्सला तो तंबू सुमारे अर्ध्या मैलावर सापडला. उडताना तो छत्रीसारखा मिटला होता, म्हणून फाटला नव्हता. सारे काही त्या एका मिटण्यावर अवलंबून होते. परतीच्या वाटेवर बॉवर्सने तंबूची एक दोरी रात्री स्वतःच्या पिशवीला बांधून ठेवली. तंबू गेला तर आपणही त्याच्याबरोबर, हा त्याचा हिशेब.

पुढील इतिहास झटपट सांगता येईल. दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या वाऱ्यात तंबूंची वाताहत झाल्यावर डॉन व्हिलन्स याने १९६३ च्या सुमारास चौकटीची पेटीच उभी केली. ती टिकाऊ ठरली, पण पाठीला जड. मग १९७५ साली अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांच्या तत्त्वावर बेतलेला तंबू बाजारात आला. त्यात अनेक लवचीक कमानी एकमेकींना छेदतात, त्यामुळे वाऱ्याचा धक्का एका खांबावर न पडता सर्वांत वाटला जातो. सुती कापडाच्या जागी नायलॉन आले तेव्हा भार उतरला. परंतु लेप दिलेले नायलॉन श्वास बाहेर जाऊ देत नाही, आणि दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासातून पेलाभराहून अधिक पाणी निघते. ते कापडाच्या आतल्या बाजूस साचून पहाटे पांघरुणावर ठिबकते. म्हणून आत एक आणि बाहेर एक असे दुहेरी कापड.

भाच्याच्या किलोभराच्या तंबूकडे या दृष्टीने पाहिले तर त्यात नवे काय आहे? तो ममरीचाच तंबू. रेशमाच्या जागी सिलिकोनचा लेप दिलेले नायलॉन, कुऱ्हाडीच्या जागी चालण्याची काठी. त्याची कापडाची घडण ममरीच्या स्वप्नातही आली नसती. तथापि काठी मोडली तर काय, मुख्य मेख खडकाळ जमिनीत बसलीच नाही तर काय, हे प्रश्न १८८८ सालचेच आहेत. माहितीपत्रकात छापले होते की कापड इतक्या मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते. मी भाच्याला म्हटले, “ही साक्ष कापडाची झाली. शिवणीची साक्ष कोठे आहे? तणावे बांधण्याच्या कड्यांची कोठे आहे?” विधान करणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार असतो, हा पुराव्याचा नियम विक्रेत्यालाही लागू करण्यास हरकत नसावी. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून अंगणातल्या झुळुकीत उभा राहिलेला तंबू खिंडीतही राहीलच, हे अनुमान टिकत नाही.

एक अनुभव माझाही आहे. विद्यार्थिदशेत आम्ही चौघे श्रावणात आंबोलीच्या घाटात मुक्कामास गेलो होतो. उसना आणलेला तंबू असा होता की आधी आतले जाळीदार कापड उभारावयाचे आणि मग त्यावर बाहेरचे चढवावयाचे. बाहेरचे चढेपर्यंत आत घोटाभर तळे झाले. घाटात ती केवळ गंमत. सकाळी गावात जाऊन चहा प्यालो. साडेपाच हजार मीटरांवर ओली पांघरुणे ही गंमत नव्हे. तेव्हा बाहेरचे कापड आधी, किंवा दोन्ही एकदम उभारता येते की नाही, हे मी पहिल्यांदा विचारले. नंतर विचारले की बाहेरच्या कापडाची कड जमिनीला किती लागते, कारण व्हिंपरची फट अजून बुजलेली नाही. हलके तंबू हवा खेळावी म्हणून ती मुद्दाम ठेवतात, आणि बारीक हिम तीतूनच आत येते.

निकाल असा दिला. सह्याद्रीत, झाडाच्या आडोशाने, गाव हाकेच्या अंतरावर असताना हलका तंबू खुशाल न्यावा. तिथे जड तंबू वाहणे हा निव्वळ हट्ट. परांग लासाठी चार कमानींचा. जादा सव्वा किलो दोघांत वाटला तर प्रत्येकी सुमारे सहाशे ग्रॅम येतो, आणि तो भार आधी पाठीवर घ्यावयाचा की मध्यरात्री दंडांवर, एवढाच प्रश्न उरतो. भाचा थोडा हिरमुसला. मग त्याने आपल्या सामानाच्या यादीतून एक जादा जोडा, दुसरी विजेरी आणि एक जाडजूड पुस्तक असे वगळून माझ्यासमोरच हिशेब जुळविला.

तंबू आला. मागच्या रविवारी संध्याकाळी देवळामागच्या मोकळ्या माळावर त्याने तो उभारला. मी त्याला हातात लोकरीचे जाड मोजे घालून आणि डोळ्यांना रुमाल बांधून उभारावयास लावले. पहिल्या खेपेस चोवीस मिनिटे लागली आणि एक कमान उलटी बसली. पोरे जमून हसत होती. ताई देवळाच्या ओट्यावर बसून पाहत होती, ती म्हणाली, “पुन्हा एकदा लाव.”