भाकरी, छप्पर आणि अक्षर : पंडिता रमाबाईंची आठवण



आज आपण अशा एका बाईंबद्दल बोलणार आहोत, ज्यांचं नाव बहुतेकींनी ऐकलेलं असतं, पण त्यापुढे फारसं काही माहीत नसतं. शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ असते. सावित्रीबाईंची जयंती आपण करतो, रमाबाई रानड्यांचं नाव घेतो. पंडिता रमाबाईंपाशी आलो की मात्र बोलणं अडखळतं. ‘त्या ख्रिस्ती झाल्या ना?’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच थांबतो. आम्हाला वाटतं, तिथं थांबू नये. त्या ख्रिस्ती होत्या, अगदी श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. त्या एका लेकीची आई होत्या आणि शेकडो परक्या लेकींच्या शिक्षिका होत्या. हे सगळं एकत्र धरलं तरच त्यांचं आयुष्य समजतं.

सुरुवात त्यांच्या आईपासून करू या. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळी बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे अधर्म मानत. लोकांनी विरोध केला, तेव्हा शास्त्रीबुवांनी रानात जाऊन बिऱ्हाड थाटलं. रमाबाई शिकायच्या वयाच्या झाल्या तोवर वडील थकले होते. मग आईनं शिकवायला घेतलं. घरात पाहुणे, विद्यार्थी, मुलंबाळं, स्वयंपाक. दिवसा वेळ कुठला मिळणार? म्हणून ती माउली पहाटे लेकीला उठवायची आणि घरची कामं सुरू व्हायच्या आधी धडा द्यायची. पहाटेची वेळ म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. दळण, पाणी, सडा-सारवण यांच्या आधीचा तेवढाच काय तो बाईचा स्वतःचा वेळ. लक्ष्मीबाईंनी तो लेकीला दिला. त्यातून हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ झाले.

पण पुढं काय झालं तेही ऐका. घरची पुंजी सरली आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराण सांगत जगू लागलं. १८७० नंतरच्या वर्षांत दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नव्हतं, पुराण सांगणाऱ्याला कोण देणार? थोड्या काळाच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. डोक्यात एवढी विद्या होती, पण चार पैसे मिळवून देईल असं कुठलंच काम त्या घरात कुणाला शिकवलेलं नव्हतं. पुढं आपली हकीगत लिहिताना रमाबाईंनी हे स्पष्ट सांगितलं आहे. आम्हाला वाटतं, त्यांच्या साऱ्या कामाचं मूळ इथं आहे. विद्या असूनही माणूस उपाशी मरतं, हे त्यांनी आपल्याच घरात पाहिलं.

उरले दोघं बहीण-भाऊ. हजारो मैल पायी फिरत ते १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊही गेला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. नवरा दुसऱ्या जातीचा, लग्न नोंदणीचं. त्या काळात हे केवढं धाडस! १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली. ती वर्षाचीही झाली नव्हती, तोच पटकीच्या साथीत नवरा गेला. वय चोवीसच्या आत, कडेवर तान्ही पोर, माहेर नाही, सासर नाही.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या. तिथं त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारचं शिक्षण आयोग, म्हणजे हंटर कमिशन, आलं होतं. त्यापुढं त्यांनी साक्ष दिली की मुलींना शिकवायला बाया शिक्षिका हव्यात आणि बायांच्या औषधपाण्याला बाया डॉक्टर हव्यात, कारण परपुरुषापुढं दुखणं सांगायला बाई लाजते आणि तशीच मरते. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाचे पैसे त्या प्रवासाला कामी आले. पण त्यांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टरी जमणार नव्हती. मग त्या शिक्षिका झाल्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या.

इंग्लंडमध्येच, वाँटेज या गावी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. जिला लोक सरस्वती म्हणत होते, तीच धर्म सोडून गेली म्हणून. रमाबाईंना त्या धर्मात काय भावलं? समाजानं टाकून दिलेल्या बायांना पुन्हा उभं करणारं काम त्यांनी तिथं पाहिलं. येशूनं पतित बाईला दूर लोटलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. पण धर्म घेतला म्हणून त्यांनी आपलं डोकं गहाण ठेवलं नाही. मनोरमा बराच काळ वाँटेजच्या सिस्टर्सकडे होती. तिला काय शिकवायचं, कसं वाढवायचं, यावरून रमाबाईंनी त्यांच्याशी पत्रांतून चांगलाच वाद घातला. उपकार मान्य, पण लेक माझी आहे आणि तिच्याबद्दल ठरवण्याचा हक्कही माझा, अशी त्यांची भूमिका होती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथं लहान मुलांना खेळातून शिकवायची बालवाडीची पद्धत शिकल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू बाईच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. गावोगाव व्याख्यानं दिली, मदत उभी केली. आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

शारदा सदन म्हणजे विधवा मुलींना राहायला घर आणि शिकायला शाळा. ही जोडी महत्त्वाची आहे. नुसती शाळा काढून बालविधवा शिकत नव्हती. तिचं केशवपन केलेलं, तिला कोपऱ्यात बसवलेलं, घरातली सगळी राबणूक तिच्या माथी. तिला आधी त्या कोपऱ्यातून उठून येऊन राहायला जागा हवी होती. शारदा सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. पुढं १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. आनंदीबाई कर्वे, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे, त्या याच.

आता अवघड गोष्ट. सदनात हिंदू मुलींना आपापले आचार, सोवळं-ओवळं पाळायची मोकळीक होती. धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. ‘केसरी’नं कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझं दार मी लावूनही घेणार नाही. विरोधकांचं म्हणणं, कोवळ्या, निराधार पोरी ज्या बाईंच्या आसऱ्याला आहेत, त्यांच्या मागं त्या जाणारच. मैत्रिणींनो, हा प्रश्न खोटा नाही. पुढं केडगावचं काम तर उघडपणे ख्रिस्ती झालं आणि तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. ते आपण झाकू नये. पण दुसरा प्रश्नही विचारावा. त्या मुलींना घराबाहेर काढलं तेव्हा, उपासानं मरू दिलं तेव्हा, त्यांच्या धर्माची काळजी कुणी केली होती?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले आई-वडील आठवले असणारच. त्या स्वतः तिकडं गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना दौंड तालुक्यातल्या केडगावला, आपल्या शेतावर नेलं. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर राहणाऱ्यांची संख्या दीड हजारापर्यंत गेली.

एवढ्यांना सांभाळायचं कसं? इथं त्यांच्या लहानपणीचा धडा कामाला आला. सकाळी अक्षर, बरोबर हाताला काम. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरं पाळली. माग चालले, तेलाचा घाणा फिरला, सुतारकाम झालं. छापखान्यात मुली खिळे जुळवू लागल्या. फसवल्या गेलेल्या बायांसाठी कृपा सदन निघालं. मनोरमाही या कामात आली. तिनं अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवायला सुरुवात केली. आजीनं पहाटे लावलेला दिवा नातीच्या हाती आला तो असा.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम बायबलच्या भाषांतराचं. त्यासाठी म्हातारपणाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या एवढ्या पंडिता, पण भाषांतर त्यांनी साध्या मराठीत केलं, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून. ते छापायचं काम मुक्ती सदनातल्या बायांनीच केलं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, जेमतेम चाळिशीत. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच आधी गेली. आईनं हे दुःख पोटात घालून भाषांतराचं काम पुरं करत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. केडगावचं काम आजही चालू आहे.

आपल्या गटांना यातून काय घेता येईल? आपल्याकडे शिवणाचे वर्ग होतात, साक्षरतेचे वर्ग होतात, पण ज्या बाईला घरातच थारा नाही ती वर्गाला येईल कशी, हा विचार मागं पडतो. पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गावात नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या बाया किती आहेत ते मोजा. त्यातल्या कितीजणी आपल्या गटात आहेत तेही पाहा. ज्या नाहीत, त्यांच्या घरी दोघीतिघी मिळून जा. त्यांची जात-धर्म विचारू नका. ‘काय शिकायला आवडेल?’ एवढं विचारा, आणि त्या काय म्हणाल्या ते आम्हाला कळवा.