नाशिकच्या जलाशयांकाठच्या वायनरी

नाशिक जिल्ह्यात गंगापूर व मुकणे या धरणांच्या पाणफुगवट्यालगत आणि दिंडोरी तालुक्यातील डोंगरांच्या पायथ्याशी असलेली वाइननिर्मितीची केंद्रे व त्यांच्या द्राक्षबागा. यांपैकी काही मोठ्या कंपन्यांच्या आहेत. काही एकाच कुटुंबाने जमीन, पैसा आणि कष्ट घालून उभ्या केल्या आहेत. बाग, गाळपाची जागा, टाक्यांचे दालन आणि चाखणीची खोली एकाच आवारात असल्याने वेलीपासून बाटलीपर्यंतचा सारा प्रवास पाहुण्याला एका फेरीत पाहता येतो. द्राक्षशेतीला प्रक्रियेची आणि पर्यटनाची जोड देण्याचा महाराष्ट्रातील हा सर्वांत यशस्वी प्रयोग मानला पाहिजे.

भूमी व हवामान

गंगापूर धरण नाशिक शहराच्या पश्चिमेला गोदावरीवर आहे. हे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा ते मुख्य आधार असून त्याच्या वरच्या अंगाला काश्यपी व गौतमी ही धरणे आहेत. मुकणे धरण इगतपुरी तालुक्यात आहे. हा सारा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसला आहे. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला सरकत गेले की तो झपाट्याने कमी होतो आणि निफाडकडे त्याचा पाचवा हिस्साही उरत नाही. घाटाजवळ अडवलेले पाणी आणि कोरड्या बाजूची मोकळी, निचऱ्याची जमीन यांचा मेळ येथे बसला आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री कडाका असतो. पिकत्या मण्यात दिवसा साखर भरते आणि थंड रात्री त्यातली आम्लता टिकवून धरतात. चांगल्या वाइनला या दोन्ही गोष्टी लागतात.

इतिहास

नाशिकची ओळख आधी खाण्याच्या द्राक्षांची होती. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, शरद अशा जातींनी निफाड आणि दिंडोरीचे मांडव बहरले आणि युरोपापर्यंत निर्यात पोहोचली. महाराष्ट्रात आधुनिक वाइन उद्योगाचा पाया मात्र पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे पडला. तेथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात ‘शॅम्पेन इंडेज’ ही कंपनी उभी केली. तिची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशातही विकली गेली.

गंगापूर धरणाच्या काठाने नवे वळण घेतले ते राजीव सामंत यांच्यामुळे. अमेरिकेतील शिक्षण व नोकरी संपवून परतलेल्या सामंतांनी कुटुंबाच्या जमिनीत १९९७ मध्ये सोव्हिनियाँ ब्लां आणि शेनिन ब्लां या वाइनच्या जातींची लागवड केली. कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. कंपनीला त्यांनी आईच्या, म्हणजे सुलभा यांच्या नावावरून नाव दिले.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, परवाने सुलभ झाले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. अनेक बागायतदारांनी खाण्याच्या द्राक्षांकडून वाइनच्या द्राक्षांकडे मोर्चा वळवला आणि काहींनी स्वतःच्या वायनरी बांधल्या. मात्र २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षाअखेरीचा मुंबईवरील हल्ला यांनी हॉटेल व पर्यटन व्यवसाय बसला, वाइनची मागणी घटली, टाक्या भरलेल्या राहिल्या. करारावर द्राक्षे लावणाऱ्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला आणि कित्येकांनी बागा उपटल्या. इंडेजही या काळात कोलमडली. या पडझडीतून जे तरले, त्यांतील बहुतेकांनी पाहुण्यांसाठी आपली दारे उघडली होती.

प्रमुख वायनरी

गंगापूर जलाशयाच्या परिसरात गोवर्धन येथे, गंगापूर-सावरगाव रस्त्यालगत सुलाची वायनरी आहे. २००५ मध्ये तिने चाखणीची खोली सुरू केली. वायनरीतच अशी सोय करण्याची देशातील ती सुरुवात होती. २००८ पासून तेथे ‘सुलाफेस्ट’ हा संगीत व वाइनचा उत्सव भरू लागला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कंपनीचे समभाग बाजारात नोंदले गेले. आज सुला कौटुंबिक राहिलेली नाही, पण आजूबाजूच्या लहान वायनरींना वाट आणि वर्दळ तिनेच मिळवून दिली.

त्याच परिसरातील यॉर्क वायनरी हे कौटुंबिक वायनरीचे ठळक उदाहरण. लिलो गुरनानी यांनी ती स्थापन केली. रवी व कैलाश या मुलांनी व्यवसाय आणि वाइननिर्मितीची बाजू सांभाळली. कैलाश यांनी ऑस्ट्रेलियात अॅडलेड येथे वाइननिर्मितीचे शिक्षण घेतले. तिच्या गच्चीवरून जलाशयाचा पसारा दिसतो. २०२१ मध्ये सुलाने ती विकत घेतली, पण नाव व ओळख कायम ठेवली. याच काठावर गंगावऱ्हे परिसरात प्रदीप पाचपाटील यांनी उभारलेले ‘सोमा व्हाइन व्हिलेज’ आहे. तेथे राहण्याचीही सोय आहे.

इगतपुरी तालुक्यात कावनईजवळ, मुकणे जलाशयाच्या बाजूला ‘व्हॅलोने व्हिनयार्ड्स’ ही शैलेंद्र पै यांनी २००९ मध्ये स्थापन केलेली छोटी वायनरी आहे. मोजक्या प्रमाणात, निवडक जातींची वाइन करणे हे तिचे वैशिष्ट्य. जवळच सांजेगाव येथे ‘ग्रोव्हर झाम्पा’ची वायनरी आहे. दिंडोरी तालुक्यात रणजित धुरू यांनी उभारलेली ‘शातो द’ओरी’ आणि फ्रेंच समूहाची ‘शाँदों’ ही केंद्रे आहेत. पहिलीच्या आवारात बागांच्या मध्ये तळी आहेत. दुसरी मुख्यतः फेसाळ वाइनसाठी ओळखली जाते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

द्राक्षाचे वर्ष

युरोपात थंडीत वेल झोपी जाते आणि वर्षातून एकदाच फुटते. नाशिकला वेल झोपत नाही, म्हणून तिची दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमाराची ती खरड छाटणी. तिच्यामुळे पुढच्या हंगामाची काडी तयार होते. पावसाळा ओसरत असताना केलेली ती गोडी छाटणी. तिच्यानंतर घड धरतो. एरवी पावसाळ्यात माल पिकला असता आणि भुरी व केवडा या रोगांनी हातचा गेला असता. दोन छाटण्यांच्या या रीतीने पीक थंडीत ढकलले जाते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते.

खाण्याच्या द्राक्षांचा वेल मांडवावर पसरतो आणि बागायतदार मणी टपोरा व्हावा म्हणून झटतो. वाइनच्या द्राक्षांचे वेल तारांवर रांगेने उभे वाढवतात. त्यांचा मणी लहान, सालीला जाड आणि बियांचा असतो, कारण रंग व चव सालीत असते. साखर किती भरली, आम्लता किती राहिली हे तपासून तोडणीचा दिवस ठरतो. तोडणी पहाटेच्या गारव्यात होते, म्हणजे घड गाळपाला जाईपर्यंत तापत नाहीत. या कामात गावोगावच्या बायांचा हात मोठा आहे. त्यांच्या चपळाईवर आणि निवडीवर वर्षाच्या वाइनचा दर्जा ठरतो, हे पाहुण्याने ध्यानात ठेवावे.

निर्मितीची रीत

तोडलेले घड यंत्रातून जाताना देठ वेगळे होतात आणि मणी फुटतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच दाबून काढतात व साली बाजूला करतात. लाल वाइनसाठी रस सालींसह ठेवतात. रंग आणि तुरटपणा त्यातून उतरतो. यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायूत करते. पोलादी टाक्यांच्या भोवती थंड द्रव खेळवून तापमान आवरतात, कारण नाशिकच्या मार्चमधील उकाड्यात आंबणे बेबंद झाले तर वास उडून जातो. पांढरी वाइन कमी तापमानात सावकाश आंबवतात, लाल थोड्या अधिक तापमानात. निवडक लाल वाइन पुढे ओकच्या पिंपांत मुरते. एका बाटलीला किलोभराहून थोडी अधिक द्राक्षे लागतात आणि तयार वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो.

भेटीचे स्वरूप

जानेवारी ते मार्च हा सर्वांत चांगला काळ. गाळप चालू असते आणि वेलींवर घड असतात. पावसाळ्यात जलाशय भरलेले व डोंगर हिरवे असतात, पण वेलींवर फळ नसते. साधारण फेरीत बाग, गाळपयंत्रे, टाक्या व पिंपांचे दालन दाखवून शेवटी पाच-सहा प्रकारांची चाखणी देतात. चाखताना आधी रंग पाहावा, मग पेला फिरवून वास घ्यावा आणि मग लहान घोट तोंडात खेळवावा. घोट न गिळता थुंकून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरण्यात संकोच नको. चाखणीनंतर वाहन चालवू नये. शहरातूनच चालकासह गाडी घ्यावी. वयाचा पुरावा जवळ असावा. शनिवार-रविवारी मोठ्या वायनरींत मुंबई-पुण्याची गर्दी उसळते, म्हणून छोट्या ठिकाणी आधी फोन करून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. तेव्हा वाइन करणारा माणूस स्वतः भेटण्याची शक्यता असते आणि त्याच्याशी झालेले बोलणे चाखणीहून अधिक शिकवून जाते. गंगापूर परिसरात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे ‘ग्रेप पार्क रिसॉर्ट’ व बोट क्लबही आहेत. पक्षिप्रेमींना निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य जवळ पडते. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली.

छोट्या वायनरींचे अर्थकारण

भारतात मद्याचा कर आणि परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. दुसऱ्या राज्यात बाटली विकायची तर नोंदणी, शुल्क आणि वितरक यांची साखळी नव्याने उभारावी लागते. मोठ्या कंपनीला हा खर्च झेपतो. वर्षाला थोड्याच बाटल्या काढणाऱ्या कुटुंबाला तो मोडून टाकतो. म्हणून छोट्या वायनरीसाठी दारात झालेली विक्री हा जगण्याचा आधार आहे. तेथे मधला हिस्सा कुणाला द्यावा लागत नाही, पैसे रोख येतात आणि ग्राहकाशी नाते जुळते. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला बाजार मिळेल असे समर्थक म्हणत होते; व्यसन घराघरांत शिरेल अशी भीती विरोधकांना होती. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. बागेत येऊन, माहिती घेऊन, माफक चाखणारा पाहुणा हा या दोन्हींमधला वाजवी मार्ग आहे.

तुमसरहून प्रवास

भंडारा जिल्ह्यातील तुमसरहून या वायनरी पाहायला यायचे, तर तुमसर रोड स्थानक देव्हाडी येथे, हावडा-नागपूर-मुंबई मार्गावर आहे. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस तेथून नाशिक रोडला नेते. रस्त्याने नागपूर गाठून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग धरता येतो. तो जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला असून सिन्नर व इगतपुरीवरून जात असल्याने मुकणेकाठच्या वायनरी त्याला जवळ पडतात. परतताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाटेतल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा बाटल्या सोबत घेण्याआधी नियम विचारून घ्यावेत.

भंडाऱ्याचे तलाव आणि मोह

जलाशयांच्या बाबतीत तुमसर तालुका नाशिकहून उणा नाही. सिहोऱ्याजवळचे चांदपूर, तेथील तलाव आणि हनुमंताचे देवस्थान प्रसिद्ध आहे. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव आणि मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव यांवर भंडारा व गोंदिया जिल्ह्यांची धानशेती उभी आहे. पण येथे १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमीन पाणी धरून ठेवते आणि हवा दमट असते. धानाला हे मानवते, द्राक्षाला नाही.

या भागाचे आंबवण्याचे फूल आहे मोहाचे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली गोड फुले आदिवासी व इतर कुटुंबे वेचतात आणि वाळवून ठेवतात. त्यांचे खाद्यपदार्थ होतात, गुरांना चारतात आणि मद्यही होते. परवान्याशिवाय घरी मद्य गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा असल्याने या परंपरेतले ज्ञान आडोशाला राहिले. दर्जाची तपासणी नाही, भाव वेचणाऱ्याच्या हाती नाही आणि विषारी भेसळीचा धोका कायम. २०२१ मध्ये राज्याने मोहफुले गोळा करणे, साठवणे व वाहून नेणे यांवरचे निर्बंध उठवले. वेचणाऱ्यांना त्यामुळे मोकळा बाजार मिळाला.

नाशिकचा अनुभव येथे उपयोगी पडेल तो एवढ्यापुरता. तेथे आधी कायद्याने मार्ग मोकळा केला, मग कसबी माणसांनी दर्जा आणला आणि शेवटी पाहुण्यांनी दारात येऊन भाव दिला. मोहाचे सरबत, जॅम किंवा परवानाधारक मद्य यांपैकी काहीही करायचे झाले, तरी हाच क्रम पाळावा लागेल आणि त्यात पहिला हक्क फुले वेचणाऱ्या कुटुंबांचा असायला हवा.