मार्लवाई : डोंगरातली गोंडी पाटी

उटनूरहून जैनूरच्या बाजूला निघाले की सागाचे रान आणि ज्वारी-कापसाची शेते यांतून वाट मार्लवाईला पोचते. हे राजगोंडांचे छोटेसे गाव. दिवाळी आली की इकडच्या गोंडपाड्यांत दंडारी निघते आणि मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी नाचू लागतात. या नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळालेले कनक राजू याच गावचे. २०२४ मध्ये ते गेले.

मार्लवाईचे नाव इतिहासात आले ते एका दुःखातून. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारले गेले. गोंड का उठले, हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांना पाठवले. व्हिएन्नात जन्मलेले हे गृहस्थ महायुद्धामुळे इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक होते. ते पत्नी बेट्टी यांच्यासह मार्लवाईत राहिले. जमिनी हातच्या जात आहेत आणि कागद वाचता येत नाही, हे दुखणे त्यांनी ओळखले. पुढे हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले.

१९४३ साली येथेच गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडांपैकी जे थोडेफार शिकलेले होते, त्यांना अक्षरओळख मराठीची होती. म्हणून गोंडी वाचनमाला तयार झाली ती देवनागरीत! पुढे याच जिल्ह्यात काम केलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचे व्याकरण लिहिले. शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची ही बाजू मात्र विसरतो.

१९५६ च्या भाषावार रचनेत किनवट आणि राजुरा तिकडे गेले, उटनूर इकडे राहिले. शाळांत तेलुगू आली. त्यात गैर काही नाही. राज्याची भाषा यायलाच हवी. पण घरी गोंडी, बाजारात मराठी आणि वर्गात तेलुगू अशा तीन भाषांमध्ये उभे असलेले पोर पहिल्या दिवशी गप्प बसते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून ते गप्प बसणे मी अनेकदा पाहिले आहे. आपली मराठी मुले इंग्रजी शाळेत तशीच बसतात, तेव्हा मात्र आपल्याला ते खुपते.

बेट्टीबाई १९८७ साली वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईतच आहे. १९९५ साली लंडनमध्ये निवर्तलेल्या पतीच्या अस्थीही पुढे तिच्याशेजारी विसावल्या. परक्या मुलखातल्या त्या दोघांनी आधी लेकराची भाषा ऐकली, मग पाटी हातात दिली. सीमेवर राहणाऱ्या आपण एवढे शिकलो तरी पुष्कळ.