फडके, खांडेकर आणि वाचनालयातील कपाट

आमच्याकडील एका जुन्या मराठी वाचनालयात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांची पुस्तके एकाच कपाटात शेजारी शेजारी उभी आहेत. फडक्यांच्या कादंबऱ्यांतील तारखांच्या चिठ्ठ्या एके काळी भराभर भरल्या आणि मग एकाएकी थांबल्या. 'ययाति'ची मात्र चिठ्ठीच नव्हे, प्रतही बदलावी लागली. हा न्याय म्हणावा काय, असा प्रश्न ते कपाट उघडताना मला नेहमी पडतो.

कारण राज्य फडक्यांचे होते. 'जादूगार', 'दौलत' यांच्या काळात कॉलेजातील तरुण त्यांच्या नायकासारखे बोलू पाहत. त्यांनी सत्तरांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या आणि 'प्रतिभासाधन' लिहून तंत्रही शिकविले. खांडेकरांच्या कादंबऱ्या त्या मानाने थोड्या. १९२० ते १९३८ हा काळ त्यांनी गोव्याच्या सीमेजवळील शिरोडे येथे शाळेत शिकविण्यात घालविला. कला कलेसाठी की जीवनासाठी, या वादात दोघे समोरासमोर उभे राहिले. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना पाठोपाठ मिळाले. १९४० साली फडक्यांना, १९४१ साली खांडेकरांना.

जीवनवादी म्हणून खांडेकर टिकले, असे सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. तसे असते तर 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' यांनाही आज तेवढीच मागणी असती. त्यांतील ध्येयवादी माणसे भाषणे फार करतात, आणि उपमांच्या गर्दीत वाचकाची दमछाक होते. खांडेकरांना तारले ते १९५९ च्या 'ययाति'ने. फडक्यांच्या कादंबरीतील टेनिस, मोटार, चहाची मेजवानी ही त्या वेळी नवलाई होती. तीच पुढे जुनी झाली. महाभारतातील राजाचा पोशाख जुना कसा होणार? भोगाची न शमणारी तहान खांडेकरांनी त्या राजाच्या तोंडून सांगितली, आणि देवयानी व शर्मिष्ठा यांनाही आपापली बाजू मांडू दिली. वर्गात मी हा भाग काढला की मुली देवयानीसाठी भांडतात. या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७४ साली ज्ञानपीठ मिळविणारे खांडेकर हे पहिले मराठी लेखक. का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे तमिळ वाचकांनी तर त्यांना आपलेच मानले.

तथापि निबंधाच्या तासाला मी उतारा देतो तो फडक्यांचा. इतके स्वच्छ, बोलके मराठी वाक्य खांडेकरांना क्वचितच साधले. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने माझ्या आग्रहावरून फडक्यांची एक कादंबरी नेली. परत करताना तिने विचारले, "सर, ही माणसे पोटासाठी काय करतात?" मला पटकन उत्तर सुचले नाही. पण पुस्तक तिने शेवटपर्यंत वाचले होते, आणि कित्येक वर्षांनंतर त्या चिठ्ठीवर एक नवी तारीख पडली.