उतरत्या यादीतला आकडा

एका संशोधकाचे पाच पेपर आहेत. त्यांना मिळालेली सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांनी घेतलेले त्यांचे संदर्भ, उतरत्या क्रमाने लावली: २५, ८, ५, ३, ३. आता वरून मोजत यायचे. पहिल्याला निदान एक हवे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, तिथवर निभावते. चौथ्याला चार हवीत, आहेत तीनच. एच-इंडेक्स ३. पहिल्या पेपरला २५ ऐवजी अडीच हजार असती तरी उत्तर तेच.

ही मोजणी २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी मांडली. जन्माने अर्जेंटिनाचे, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अतिवाहकतेवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटन यांचा आकडा त्यांनी ११० काढला होता. वेब ऑफ सायन्स या डेटाबेसवर पेपर सायटेशन्सनुसार लावून घेतले की आकडा सहज सापडतो, असे त्यांनी तेव्हाच लिहिले. तो इतका झपाट्याने पसरला, तो मला वाटते याच सोयीमुळे.

मुळात विज्ञानातल्या सायटेशन्सची नोंद ठेवायची चाल फिलाडेल्फियाची. तिथे युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला. नमुना होता अमेरिकी वकिलांच्या शेपर्ड्स सायटेशन्सचा; जुना निकाल पुढच्या खटल्यांत कोणी ग्राह्य धरला, कोणी फिरवला, हे वकील १८७३ पासून त्यात बघत.

पण हिशेबाचा खरा पूर्वज सायकलवरचा. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आपल्या फेऱ्या अशाच मोजत: निदान n मैल सायकल चालवली असे n दिवस. खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला आकडा ७७ झाल्याचे कळवले होते. एका दिवसाच्या पराक्रमाने तो वाढत नाही, सातत्याने वाढतो. हेच त्याचे सौंदर्य, आणि हिर्श यांच्या आकड्याचेही.

संगणकाला तर पूर्ण क्रमही लावावा लागत नाही. पाच पेपर असतील तर एच-इंडेक्स पाचापुढे जाणारच नाही. म्हणून शून्य ते पाच असे खण करायचे आणि पाचहून जास्त सायटेशन्सचे पेपरही पाचाच्याच खणात टाकायचे. वरच्या यादीत तिथे तीन पेपर पडतात, चारचा खण रिकामा, तीनमध्ये दोन. पाचाच्या खणापासून खाली बेरीज करत यायची: तीन, तीन, पाच. बेरीज खणाच्या आकड्याला पुरी पडली की थांबायचे; ती तीनच्या खणाशी पुरते.

हिर्श यांनी सहयोगी प्राध्यापकपदासाठी साधारण १२, प्राध्यापकपदासाठी १८ असे अंदाजही दिले होते. २०२० मध्ये त्यांनीच लिहिले की या आकड्याचे अनपेक्षित वाईट परिणाम होऊ शकतात. प्रवाहाविरुद्ध काम करणाऱ्याला तो मागे टाकतो, आणि अतिवाहकतेत हिर्श स्वतः त्याच बाजूला उभे होते.