दोन हजार वार आणि दीडशे वार

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला डाक बंगले पुष्कळ येतात. त्यांपैकी एखाद्या जुन्या बंगल्याच्या भिंतीवर सांबराची शिंगे किंवा गव्याचे मस्तक अद्यापि दिसते. खाली एखादी पितळी पट्टी असते. तिच्यावर साहेबाचे नाव, जंगलाचे नाव आणि साल कोरलेले असते. क्वचित शिंगांची लांबीही इंचांत दिलेली असते. ज्या गोळीने ते जनावर पडले तिचा उल्लेख मात्र त्या पट्टीवर कधी सापडत नाही. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील शिकारी ज्या एका प्रश्नावर आयुष्यभर भांडले तो गोळीचाच होय. गोळी किती लांब जावी, आणि गेल्यावर तिने करावे काय, हा तो प्रश्न. या वादातील बरेच मोठे प्रयोग हिंदुस्थानच्या भूमीवर आणि बहुधा सरकारी अंमलदारांच्याच हातून झाले, म्हणून त्याची हकीकत आपल्याला थोडी जवळची वाटावी.

प्रथम जॉन जेकबकडे वळू. हा मुंबईच्या तोफखान्यातील अधिकारी. १८४३ साली सिंध इंग्रजांच्या ताब्यात आला आणि पुढे तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. त्या सिंधच्या वरच्या सरहद्दीचा बंदोबस्त जेकबकडे होता. खानगढ नावाच्या उजाड ठिकाणी त्याने छावणी वसवली. तीच पुढे त्याच्या नावाने जेकबाबाद झाली. हा मनुष्य घड्याळे करी, कालवे खणी, रस्ते बांधी आणि उरलेल्या वेळात बंदुकीचा विचार करी. झाड नाही, डोंगर नाही, अशा त्या सपाट वाळवंटात त्याला हवे तेवढे अंतर मोजून घेता येई. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर त्याने दुनळी रायफल सिद्ध केली. तिच्या नळीच्या आत चार खोल पिळदार खाचा होत्या, आणि त्या खाचांत नेमक्या बसतील अशा चार कडा असलेली लांबट शिशाची गोळी तिला लागे. नेम धरण्याची पट्टी दोन हजार वारांपर्यंत आखलेली होती. ज्या काळी साध्या शिपायाची बंदूक शंभर वारांपलीकडे भरवशाची नव्हती, त्या काळी हा आकडा ऐकून लोकांनी तोंडात बोट घातले असल्यास नवल नाही.

परंतु एवढ्या लांब गेलेली गोळी पोहोचेपर्यंत थकलेली असते, हे जेकब ओळखून होता. त्यावर त्याने काढलेला उपाय भयंकर होता. गोळीच्या टोकात तांब्याची लहानशी नळी बसवून तीत आघाताने पेटणारी दारू भरायची. म्हणजे वेग उरो वा न उरो, लक्ष्याला लागताच गोळी फुटणार. तोफांच्या दारूच्या पेट्या अशा गोळ्यांनी लांबून उडवून द्याव्यात आणि शत्रूचा तोफखाना निकामी करावा, अशी त्याची कल्पना. डिसेंबर १८५८ मध्ये जेकब जेकबाबादेसच वारला. त्याच्या फुटणाऱ्या गोळ्या शिकाऱ्यांनीही उचलल्या. पुढे १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी ठरवले की, चारशे ग्रॅमहून हलकी अशी फुटणारी गोळी परस्परांतील युद्धात वापरू नये. वाघ-हरणांचा त्या ठरावाशी अर्थातच काही संबंध नव्हता.

जेकबच्या बरोबर उलट टोकाला उभा असलेला गृहस्थ म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्साइथ. नागपूरकर, वऱ्हाडकर वाचकांस हे नाव अपरिचित नसावे. मध्यप्रांताच्या पहिल्या दशकातील हा तरुण अंमलदार. प्रथम जंगल खात्यात, नंतर निमाडच्या जमाबंदीच्या कामावर आणि त्याच जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर. सातपुड्याच्या रांगांत तो वर्षानुवर्षे पायी, घोड्यावर आणि हत्तीवर हिंडला. १८६३ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. त्यातले म्हणणे त्या वेळच्या मताला छेद देणारे होते. लांबट गोळीचे गोडवे जो तो गात असताना हा म्हणत होता की, हिंदुस्थानच्या जंगलात जुनी वाटोळी गोळीच बरी!

याला जुन्याचा हट्ट म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यामागे हिशेब होता. लांबट गोळी वजनाला जड. तिच्यामागे फार दारू घातली तर खांद्याला धक्का सोसवत नाही, शिवाय मऊ शिसे नळीतल्या खाचा सोडून सरळ घसरत जाते. म्हणून दारू कमी घालावी लागे. वेग कमी, तेव्हा गोळीचा मार्ग कमानीसारखा उंच. ही कमान मैदानात, अंतर मोजून बसलेल्या जेकबला चालत होती. झाडीत अकस्मात उठलेले सांबर नव्वद वारांवर आहे की एकशे चाळीस वारांवर, याचा अंदाज करण्यास शिकाऱ्याला एक क्षण मिळतो. अंदाज चुकला की त्या कमानीमुळे गोळी फुप्फुसाच्या वरून किंवा खालून जाते. जनावर पळते, मरते कुठे तरी दुसऱ्या दिवशी, किंवा मरत नाही. वाटोळी गोळी त्या मानाने हलकी. तिच्यामागे भरपूर दारू घालता येते, आणि दीडशे वारांपर्यंत ती जवळजवळ सरळ रेषेत जाते. त्यापुढे हवेच्या विरोधाने तिचा वेग झपाट्याने ओसरतो हे फोर्साइथला मान्य होते. पण दीडशे वारांपलीकडे आपल्या जंगलात दिसते तरी काय?

राहता राहिला खाचांचा प्रश्न. त्यांचा पीळ अतिशय सैल ठेवावा, असे त्याने सुचवले. एकशे चार इंचांत एक पूर्ण फेरा, म्हणजे पुरती नळी ओलांडतानाही गोळी तिसरा हिस्सासुद्धा फिरत नाही. वाटोळ्या गोळीला तेवढे फिरणे पुरते, आणि पीळ सैल असल्याने मोठ्या दारूनेही ती खाचा सोडत नाही. आजही जुन्या तऱ्हेच्या तोंडाकडून भरायच्या रायफली करणारे कारागीर या पिळाला फोर्साइथचेच नाव देतात. जमाबंदीच्या कामात बुडालेल्या माणसाने एवढा बारीक विचार केव्हा केला असेल, हे कोडे मला सुटलेले नाही. कदाचित खसरे आणि नकाशे तपासणाऱ्यालाच असला हिशेब सुचत असेल.

यानंतरची हकीकत घाईची आहे. मागून भरायची काडतुसाची बंदूक आली आणि फोर्साइथची वाटोळी गोळी मागे पडली. त्याने मागितलेला सरळ मार्ग मात्र ‘एक्स्प्रेस’ रायफलींनी उचलला. हलकी लांबट गोळी, पुढे पोकळ टोक आणि मागे दारूचा मोठा बार. हरणावर ही गोळी विजेसारखी पडे. गव्याच्या किंवा वाघाच्या खांद्याच्या हाडावर मात्र तिचे वरच्या वर तुकडे होत आणि आतले मर्म सुरक्षित राही. नाईलचा शोधक सॅम्युएल बेकर म्हातारपणीसुद्धा हिंदुस्थानात वाघांच्या शिकारीस येत असे. १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने या पोकळ गोळ्यांवर सडकून टीका केली. शुद्ध शिशाची भरीव, जड गोळी वाघाच्या अंगात चपटी होत जावी आणि पलीकडच्या कातड्याखाली थांबावी, म्हणजे तिचा सारा जोर जनावराच्या आत खर्च होतो, असे त्याचे मत होते.

बेकरचा ग्रंथ छापला जात होता त्याच सुमारास धूर न करणारी नवी दारू आली आणि सगळे गणित पुन्हा बदलले. मार्टिनी-हेन्री रायफलीची शिशाची गोळी पाऊण-अर्ध्या इंचाच्या दरम्यानची नसली तरी जवळजवळ अर्ध्या इंचाची जाड आणि ४८० ग्रेन वजनाची. तिच्या जागी आलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ची गोळी अवघी २१५ ग्रेनची, पण सेकंदाला सुमारे दोन हजार फूट धावणारी. एवढ्या वेगात उघडे शिसे नळीला लिंपून बसते, म्हणून गोळीवर कठीण धातूचे कवच चढवावे लागले. कवचामुळे गोळी फुलेना. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर सैन्यातून तक्रारी आल्या की, गोळी अंगातून आरपार जाते आणि माणूस धावतच राहतो. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने यावर सोपा तोडगा काढला. टोकावरचे कवच थोडे कापून शिसे उघडे ठेवायचे. त्या गावाचे नाव जगातील बहुतेक भाषांत गेले, आणि ते कशासाठी गेले हे आठवले की अभिमान वाटत नाही. १८९९ साली हेग येथे, माणसाच्या शरीरात सहज फुलणाऱ्या अशा गोळ्यांना युद्धात बंदी करण्यात आली. इंग्लंडने त्या जाहीरनाम्याला संमती दिली ती १९०७ मध्ये.

आता विरोधाभास पाहावा. इंग्लंडच्याच १९९१ च्या हरणांविषयीच्या कायद्यानुसार रायफलीने हरिण मारायचे तर गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी. पूर्ण कवचाची गोळी वापरणे हा गुन्हा. सैनिकाच्या बाबतीत जे क्रौर्य, तीच हरणाच्या बाबतीत दया. कारण उघड आहे. जखमी सैनिकाला उचलून नेणारे कोणी असते आणि तो वाचावा अशी निदान करारापुरती तरी इच्छा असते. जखमी हरणाला इस्पितळ नाही. त्याला लवकर मरण येणे हीच त्याच्यावर होऊ शकणारी एकमेव कृपा.

जखमी वाघाची गोष्ट निराळी, कारण तिथे हिशेब दुसऱ्यांना चुकवावा लागतो. चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. जिम कॉर्बेटने १९०७ साली तिला मारले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. ती गोळीची जुनी जखम होती. सुळे गेल्यामुळे नेहमीची शिकार तिला साधेना, असा निष्कर्ष कॉर्बेटने काढला. कोणा शिकाऱ्याने, किती अंतरावरून आणि कसल्या गोळीने तो बार टाकला होता, याची नोंद कुठेही नाही. सरपण आणि चारा आणायला गेलेल्या बायांनी त्याची किंमत दिली. जाता जाता सांगतो, शेवटच्या क्षणी कॉर्बेटची काडतुसे संपली आणि त्याला तहसीलदाराची बंदूक मागून घ्यावी लागली. महसूल खात्यातील वाचकांनी एवढ्या श्रेयावर हक्क सांगण्यास हरकत नसावी.

सरकारी हुकूमही गोळीच्या इतिहासात कसा शिरतो, याचे उदाहरण त्याच सुमारास घडले. मार्टिनी-हेन्रीच्या चोरीच्या बंदुका सरहद्दीवर पुष्कळ होत्या. त्यांना चालतील अशा गोळ्या बंडखोरांना मिळू नयेत म्हणून हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या रायफलींना बंदी झाली. बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७० आणि .४७५ व्यासाच्या रायफली काढल्या. पुढे आफ्रिकेतल्या हत्तींच्या शिकारीत .४७० नावारूपाला आली, तिच्या जन्माला असा हा एक फायलीतला हुकूम कारण झाला.

त्याच आफ्रिकेत बेल नावाच्या एका स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतले बहुसंख्य .२७५ च्या हलक्या रायफलीने. गोळी १७३ ग्रेनची, पूर्ण कवचाची, मुळीच न फुलणारी. यावरून लहान गोळीही पुरते असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो मला पटत नाही. बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदूची जागा पाहून ठेवली होती. त्याच्या गोळीला फुलायचे कामच नव्हते. तिने फक्त सरळ आत जायचे होते.

फुलणारी आणि तरीही आत शिरणारी अशी गोळी दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाली. १९४६ साली जॉन नॉसलर हा अमेरिकन शिकारी कॅनडात मूस नावाच्या प्रचंड हरणामागे असता, त्याच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या कातड्यावर फुटून गेल्या. बेकरचीच तक्रार ती. नॉसलरने गोळीच्या मध्ये धातूची आडभिंत घातली. भिंतीच्या पुढचे शिसे फुलते, मागचे जसेच्या तसे राहून आत घुसते. १९४८ पासून ही गोळी विक्रीस आली, ती आजही विकली जाते.

अलीकडे पाश्चात्त्य देशांत सहाशे, आठशे वारांवरून शिकार करण्याची हौस बोकाळली आहे. दुर्बिणी आहेत, अंतर मोजणारी यंत्रे आहेत, तेव्हा फोर्साइथला छळणारी कमान आता आकडेमोडीने जिंकता येते. गोळीचे दुखणे मात्र तेच. मऊ टोकाची बहुतेक गोळी फुलण्यासाठी साधारणतः सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास वेग मागते. तो लांबवर उरत नाही, म्हणून पातळ कवचाची, चटकन फुलणारी गोळी घ्यावी, तर तीच पन्नास वारांवर हाडाला लागताच चूर होते. शिवाय पाचशे वार जाण्यास गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल पुढे टाकते आणि काळजावर धरलेला नेम पोटावर लागतो. याला यंत्र नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे, कारण मेलेल्या जनावरांतील शिशाचे कण खाऊन तेथील काँडॉर गिधाडे मरत. आता तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबे शिशाहून कठीण, ते फुलायला सहसा अधिक वेग मागते, आणि म्हणून तेथील शिकाऱ्याला पुन्हा जवळ जावे लागते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीचा हा सारा वादच मिटवला. फोर्साइथ १८७१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच साली निघाला. पचमढीला त्याने बांधलेले ‘बायसन लॉज’ अजून उभे आहे. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे संग्रहालय त्यात मांडलेले आहे. रजेत तिकडे जाणे झाले तर अवश्य पाहावे.