गोंगाटाचं खातं

आमच्या जाफराबादेत खेळणा-पूर्णेचा संगम झाला. माझा आणि चिरंजीवांच्या रॉक संगीताचा काही होईना!

“हा कसला गोंगाट?” मी गरजलो.

“बाबा, गोष्ट आहे ही!”

चौकशी केली, तर खातं जुनं निघालं. टोल्किन नावाच्या प्राध्यापकांनी १९५४-५५ मध्ये अंगठीची अद्भुत कादंबरी छापली. लेड झेपेलिननं १९६९ मध्ये तिच्यातला गॉलम ‘रॅम्बल ऑन’ गाण्याच्या खात्यात वळता केला. त्यांतले पेज आणि प्लँट १९७२ साली मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रणही करून गेले!

मग आठवला लहानपणीचा गोंधळ. संबळ कडाडायचं, देवी महिषासुराला मारायची, मी रात्रभर टक्क जागा. त्याला मी कधी गोंगाट म्हटलं होतं?

चिरंजीवांना म्हटलं, “आवाज जरा वाढव.”